शेरडं डावीकडं, मेंढरं उजवीकडं

चर्चच्या पाळकाच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत, दारात येऊन पडतात. रविवारी उपासना सुटली की कुणीतरी माझ्याजवळ थांबतं, इकडं तिकडं बघतं आणि हळूच म्हणतं, "सिस्टर, आज साहेब जरा..." पुढचं वाक्य अर्धवट सोडून ते माणूस चप्पल शोधायला लागतं. मला तेवढं पुरतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, आता अशी अर्धी वाक्यं इतकी साठलीत की कधीतरी कुणाला तरी पूर्ण करून सांगायलाच पाहिजेत.

मी जालन्यात एका दवाखान्यात नर्स आहे, म्हणून चर्चच्या मंडळीतही सगळे मला सिस्टरच म्हणतात. माझं माहेर तीर्थपुरीजवळचं. घरी कापूस, सोयाबीन, एक बैलजोडी आणि अंगणात शेरडं. आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, पुण्याच्या कॅम्पात तिसऱ्या मजल्यावर वाढलेले. शेत त्यांनी पाहिलं ते पाळकाचं शिक्षण घेताना, सेमिनरीच्या सहलीत, बसच्या खिडकीतून.

माणूस चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दृष्टांतांची आहे. शास्त्रात, म्हणजे बायबलात, पानोपानी बी आहे, पेरणी आहे, मेंढरं आहेत, विहिरी आहेत, आणि साहेबांचा जीव नेमका त्यातच अडकलेला. पुण्यात मेंढराचा दृष्टांत दिला तर ऐकणाऱ्यानं मेंढरू पाहिलेलं नसतं आणि सांगणाऱ्यानंही नसतं, त्यामुळं दोघांचं छान जमतं. इथं ऐकणाऱ्याच्या दारात मेंढरू बांधलेलं असतं. सगळा त्रास तिथूनच सुरू होतो.

*

पहिल्याच वर्षी जूनमध्ये आष्टीला एका घरी प्रार्थनासभा होती. पेरण्या तोंडावर आल्या होत्या म्हणून साहेबांनी मुद्दाम पेरणाऱ्याचा दृष्टांत घेतला. नुसता सांगितला असता तरी चाललं असतं. पण ते उठले, कमरेला नसलेली ओटी बांधली आणि अंगणभर फिरत मुठीमुठीनं बी उधळायला लागले. थोडं रस्त्यावर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. थोडं खडकावर पडलं, ते वाळलं. थोडं काट्यांत पडलं, ते दबलं. थोडं चांगल्या जमिनीत पडलं.

समोर बसलेली सगळी माणसं सरकीचा एकेक दाणा वाकून टोकणारी. त्यांचं साहेबांच्या तोंडाकडं लक्षच नव्हतं, सगळे त्यांच्या हाताकडं बघत होते.

चहाच्या वेळी घराचे मालक पौलसदादा माझ्याशेजारी येऊन बसले. सत्तरीचे, आयुष्य शेतात गेलेले. मी या भागातली म्हणून त्यांनी मलाच विचारलं की हा पेरणारा कुणाकडं कामाला होता. रस्त्यावर टाकतो, खडकावर टाकतो, काट्यात टाकतो, मालकाचं लक्ष नव्हतं का?

"असा सालगडी म्या दोन दिवस ठिवला नसता," ते म्हणाले.

साहेबांच्या कानावर ते गेलं. ते खूश होऊन आले आणि समजावून सांगितलं की दादा, पेरणारा म्हणजे कुणी सालगडी नव्हे, तो स्वतः देव आहे.

पौलसदादांनी कप खाली ठेवला. मी मनात म्हटलं, झालं, या घरची सभा आजपासून बंद.

"मंग आपण काय बोलणार," दादा म्हणाले. "बी त्याचंच हाय."

मोटरसायकलवर परत येताना साहेब परतूरपर्यंत ते वाक्य पुटपुटत होते. पुढच्या रविवारी हेच वाक्य त्यांनी जालन्यात संदेशात, म्हणजे प्रवचनात, वापरलं. स्वतःचं म्हणून.

*

एलिझाआजी आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचं बीपी कायम वर. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं, आणि मी त्यांच्या सुनेला तीन वेळा कागदावर लिहून दिलेलं: लोणचं बंद, पापड बंद, ताटात वरून मीठ बंद. आजीनं दोन महिने कुरकुरत का होईना, पाळलं. बीपी खाली आलं. मला वाटलं, एक तरी पेशंट माझं ऐकतो.

मग साहेबांनी मिठावर संदेश दिला.

मिठाचे नऊ उपयोग सांगितले त्यांनी. मी मोजले. मीठ टिकवतं, मीठ चव आणतं, मीठ जखम साफ करतं आणि असंच पुढं. आपण जगाचं मीठ आहोत आणि बेचव झालेलं मीठ लोक बाहेर फेकून देतात. शेवटी आवाज चढवून विचारलं की तुमच्या आयुष्यात मीठ उरलंय का? आजी पहिल्या रांगेत बसतात, त्यामुळं विचारताना ते नेमके त्यांच्याकडंच बघत होते.

गुरुवारी आजी दवाखान्यात आल्या. मशीनवरचा आकडा बघून मीच स्टुलावर बसले. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, रविवारपासून दोन्ही वेळच्या जेवणात आंब्याचं लोणचं चालू आहे, काढून घेतलं तर साहेबांचं नाव सांगतात. मी आजींना ओरडले. वयाचा विचार केला नाही, सगळ्या लाइनीसमोर ओरडले.

आजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू म्हणती मीठ बंद करा, त्यो म्हणतो मीठ व्हा," त्या म्हणाल्या. "आधी घरात तुमचं दोघांचं ठरवा, मंग मला सांगा."

लाइनीतली सगळी माणसं हसली. कंपाउंडरसुद्धा.

संध्याकाळी मी घरी येऊन साहेबांना बजावलं की आत्ताच्या आत्ता आजीच्या घरी जा आणि मीठ म्हणजे काय ते नीट समजावून या. ते गेले. तासभर समजावलं म्हणे. मीठ म्हणजे खरं मीठ नव्हे, आजी, माणसाच्या वागण्यातली चव. आजीला सगळं पटलं, असं सांगत ते परत आले.

हातात लोणच्याची बरणी होती. आजीनं सगळं लोणचं आम्हाला देऊन टाकलं होतं, कारण माझ्या साहेबांना त्याची जास्त गरज आहे असं त्यांना वाटलं.

*

आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. आठ-दहा दिवसांनी येतं आणि सांगून येत नाही. उन्हाळ्यात तर बायका अर्धा कान नळाकडं ठेवूनच जगतात. हे सगळं माहीत असताना आमच्या साहेबांनी मे महिन्यात, रविवारी सकाळी, विहिरीवरच्या बाईची गोष्ट घेतली.

गोष्ट त्यांनी चांगली सांगितली, खोटं कशाला बोलू. भर दुपारची विहीर, घागर घेऊन आलेली एकटी बाई, आणि तिला भेटलेला प्रभू, जो म्हणतो की माझ्याकडचं पाणी पिशील तर पुन्हा तहान लागणार नाही. सगळे गुंगून ऐकत होते. मग साहेबांनी डोळे मिटले, हात पसरले आणि म्हणाले की असं जिवंत पाणी ज्यांना हवं आहे त्यांनी आत्ता जागेवरून उठावं.

त्याच वेळी भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "नळ आला!"

मागची रांग उठली. मग मधली उठली. साहेबांना डोळे मिटलेल्या अवस्थेत फक्त साड्यांची सळसळ आणि पावलं ऐकू येत होती. त्यांचा आवाज भरून आला. त्यांनी देवाचे आभार मानले, इतक्या जणांना एकदम स्पर्श झाला म्हणून. आभार मानून डोळे उघडले तेव्हा सतरंजीवर सात पुरुष आणि दोन झोपलेली लेकरं होती.

मीही गेले होते. पाळकाच्या बायकोनं जायला नको होतं, मला कळतं. पण घरात दीड हंडा पाणी होतं आणि दुपारी माझी ड्युटी होती.

साहेब घरी आले ते तोंड पाडूनच. मला म्हणाले, निदान तू तरी बसायचं होतंस. मी त्यांना गार पाण्याचा तांब्या भरून दिला. घटाघटा प्यायले.

"जपून प्या," मी म्हटलं. "याच्यानं परत तहान लागते."

*

तीर्थपुरीची सभा एका पत्र्याच्या शेडमध्ये भरते. वीसेक माणसं. तिथल्या शांताबाईंचं नाव घेतलं की मला अजून घाम येतो.

शांताबाईंचा नवरा लवकर गेला. जमीन नाही. चार शेरडांवर त्यांनी दोन पोरी वाढवल्या, शिकवल्या. धाकटी माझ्यामागं लागून नर्सिंगला गेली. शेडवर आधी नुसतं ताडपत्रीचं छप्पर होतं, पावसात गळायचं. शांताबाईंनी दोन बोकड विकले आणि पत्रे टाकून दिले. कुठं नाव लिहू दिलं नाही.

त्या पत्र्यांखाली उभं राहून आमच्या साहेबांनी शेवटच्या न्यायाचा भाग घेतला. मेंढपाळ जसा कळप वेगळा करतो, तसा राजा येऊन माणसं वेगळी करील. मेंढरं उजवीकडं, शेरडं डावीकडं. उजवीकडच्यांना राज्य, डावीकडच्यांना आग.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांनी कुठल्याशा टीकाग्रंथात शेरडाचा स्वभाव वाचला होता. शेरडू हट्टी असतं, कुणाचं ऐकत नाही, दिसेल ते खातं, दुसऱ्याच्या कुंपणात तोंड घालतं. मेंढरू गरीब, मेंढरू नम्र. आणि हे सांगताना ते एकदा उजवीकडं हात करत होते आणि एकदा डावीकडं. आमच्याकडं सभेत उजव्या हाताला पुरुष बसतात, डाव्या हाताला बाया.

मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा शांताबाई उठून चालल्या होत्या. पदर सावरला, कुणाकडं बघितलं नाही, शेडबाहेर बांधलेलं शेरडू सोडलं आणि घराकडं गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत. त्यांच्या दोन जावा आल्या नाहीत. त्यातल्या एकीचा मुलगा ढोलकी वाजवायचा, तो ढोलकी घेऊन गेला. तिसऱ्या आठवड्याला नऊ माणसं, ढोलकी नाही, आणि साहेब टाळ्या वाजवून गाणं म्हणतायत.

माझ्यावर चिडून ते म्हणाले, मी शास्त्रातलंच तर सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही ज्यांचं दूध पिऊन त्या पोरी मोठ्या झाल्या त्यांना आगीत घातलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतःच म्हणाले, चल, जाऊन येऊ.

आम्ही गेलो तेव्हा शांताबाई धार काढत होत्या. बाजेवर बसा म्हणाल्या, बाकी काही नाही. धार झाली, चूल पेटली, चहा झाला. साहेबांनी दोनदा घसा खाकरला. शांताबाईंनी कप त्यांच्यापुढं धरला, पण हातातून सोडला नाही.

"शेरडाच्या दुधाचा हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "डावीकडचा चालंल का?"

साहेबांनी दोन्ही हातांनी कप घेतला. प्यायले. मग क्षमा मागितली, सरळ, एकही उदाहरण न देता. नंतर हळूच विचारलं की आई, कळपातून शेरडं खरंच वेगळी करतात का?

शांताबाई म्हणाल्या, दिवसभर दोन्ही संगंच चरतात. सांजच्याला शेरडं येगळी काढायची, कारण त्यांना थंडी सोसत नाही. मेंढराच्या अंगावर लोकर असते, ते उघड्यावर बसतं. शेरडाला आडोश्याला घ्यावं लागतं.

साहेब पुढं सरकून बसले.

"हे तुमाला म्हाईत न्हवतं?" शांताबाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, नव्हतं.

"मंग सांगायला कशाला उभं राह्यलात?"

साहेबांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. शांताबाईंनी दिला.

पुढच्या सभेला त्या आल्या. जावा आल्या, ढोलकी आली. शेडच्या दाराला दोन्ही बाजूंनी एकेक खांब आहे. शांताबाईंनी चारही शेरडं आणली होती, आणि एकेक करून चारही उजवीकडच्या खांबाला बांधली. साहेबांनी शास्त्र उघडलं आणि दुसराच भाग वाचला.

*

महिला मंडळाची सभा शुक्रवारी दुपारी असते. साहेब दहा कुमारिकांची गोष्ट घेणार हे मला आदल्या दिवशी कळलं. मी म्हटलं, दुसरं काहीतरी घ्या. त्यांनी ऐकलं नाही.

गोष्ट अशी की दहा मुली दिवे घेऊन नवऱ्या मुलाची वाट बघतात. पाच शहाण्या जास्तीचं तेल घेऊन आलेल्या, पाच मूर्ख न घेता. नवरा येतो उशिरा, दिवे विझायला येतात, मूर्ख मुली तेल आणायला बाजारात जातात, तोवर दार बंद. गोष्ट संपवून साहेबांनी विचारलं की तुम्ही यातल्या कोण?

मग मार्थावहिनी, ज्या शिवणकाम करतात आणि सहसा तोंड उघडत नाहीत, त्यांनी विचारलं, "नवरा किती वाजता येणार होता?"

साहेब म्हणाले, वेळ कुणालाच माहीत नव्हती.

वहिनींच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. बाराची वेळ दिलेली आणि वऱ्हाड आलं चारला. तोवर भात गिच्च झाला, लेकरं रडून झोपली, नवरीला चक्कर आली. वऱ्हाडाला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, उलट पंगतीत वरण गार आहे म्हणून वहिनींच्या नवऱ्यालाच बोलणी खावी लागली. हे सगळं वहिनींनी तिथं सांगितलं. त्यांच्या मनात ते इतकं साठलंय हे कुणाला माहीत नव्हतं.

"उशीर त्यानं केला," त्या म्हणाल्या, "अन् दार पोरीवर लावलं?"

मग कोण थांबतंय. एकीनं विचारलं की शहाण्या पाच जणींनी मैत्रिणींना वाटीभर तेल दिलं असतं तर काय बिघडलं असतं. दुसरीनं स्वतःच्या लग्नातलं काढलं. तिसरीनं नणंदेच्या. साहेब मध्ये उभे, हातात शास्त्र. शेवटी त्यांनी जोरात सांगितलं की अहो, नवरा म्हणजे इथं ख्रिस्त आहे!

सगळ्यांनी डोक्यावरचे पदर सावरले. मला वाटलं, सुटलो.

"मंग तर त्यालाच सांगायला पाहिजे," मार्थावहिनी म्हणाल्या. "त्यो तरी आईकून घेतो."

आणि त्यांनी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली. त्यांच्यानंतर दुसरीनं केली. मग तिसरीनं. चौदा बायका होत्या, प्रत्येकीनं आपलं आपलं सांगितलं, आणि मधे आमेन म्हणायची साहेबांची हिंमत झाली नाही. माझी संध्याकाळची ड्युटी होती, पाऊण तास उशिरा गेले. मेट्रननं कारण विचारलं. मी सांगितलं, वऱ्हाड उशिरा आलं.

*

एवढं सगळं झाल्यावर मंडळीच्या कमिटीनं विषय घेतला. आमचे सेक्रेटरी याकोबकाका. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. काकांनी अगदी अदबीनं साहेबांना सांगितलं की दृष्टांत जरा कमी करा, जे सांगायचं ते सरळ सांगा, लोक भलतीकडंच जाऊन राह्यले.

साहेब दोन दिवस रुसले. शनिवारी नेहमीसारखं टेबलावर बसले नाहीत, मला काही वाचून दाखवलं नाही. रविवारी उभे राहिले आणि सरळ सांगितलं. देव आहे. तो चांगला आहे. आपण चांगलं वागत नाही. वागायला पाहिजे. चुकलं तर क्षमा मागावी, मिळते. आमेन.

सहा मिनिटं. त्या दिवशी उपासनेनंतर सगळ्यांचं जेवण होतं, आणि मागं मोठ्या पातेल्यात भाताला अजून उकळीसुद्धा आली नव्हती. लोक तासभर चिंचेखाली ताटकळत बसले. प्रत्येकानं मला गाठून विचारलं. साहेबांना ताप आहे का? बदली झाली का? एलिझाआजीनं तर हात धरून बाजूला नेलं आणि विचारलं की तुमच्या दोघांत काही झालं का. चार दिवस मी दवाखान्यात, दुकानात, रिक्षात, सगळीकडं आमचं भांडण झालेलं नाही हे सांगत फिरत होते.

बुधवारी याकोबकाका सीताफळांची पिशवी घेऊन घरी आले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले की कमिटीनं जरा घाईच केली.

"त्याचं काय हाय साहेब, गाडी सरळच न्यावी वाटती. पण घाट आला तं स्टेअरिंग फिरवावंच लागतं. सरळ नेली तं दरीत."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. कमिटीनं सांगितल्यापासून पहिल्यांदा हसले.

"काका, हा दृष्टांत झाला," ते म्हणाले.

"न्हाई न्हाई," काका म्हणाले, "मी गाडीचं सांगून राह्यलो."

*

सरूबाई माझ्याच वॉर्डात होत्या. घनसावंगीकडच्या एका वस्तीवरच्या. वय त्यांनाच माहीत नव्हतं. घर दोन खोल्यांचं आणि त्यात तीन मुलं, तीन सुना, नातवंडं. माहेरही तसलंच होतं. सलाइन बदलताना एकदा त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांची बाळंतपणंसुद्धा ज्वारीच्या पोत्यांमागं लुगडं बांधून झाली, आणि अंगावरची साडी बदलायची तर सगळे घराबाहेर जायची वाट बघावी लागायची, नाहीतर शेतावर जावं लागायचं.

डॉक्टरांनी आता थोडेच दिवस आहेत असं सांगितल्यावर सगळं घर दवाखान्यात आलं. खाटेभोवती बारा-तेरा माणसं. मी बाहेर काढायची, ते दुसऱ्या दारानं आत यायचे. कुणी पाय दाबतंय, कुणी वारा घालतंय, कुणी मोबाइलवर पुण्याच्या पाहुण्याला त्यांचं तोंड दाखवतंय. खाट कोपऱ्यातली होती, तिला पडदा होता, पण तो ओढायला जागाच शिल्लक राहिली नव्हती. त्या तीन दिवसांत मी जेवढी ओरडले तेवढी वर्षभरात ओरडले नसेन.

तिसऱ्या दुपारी घरच्यांनी बोलावलं म्हणून साहेब प्रार्थनेला आले. गर्दीतून वाट काढत खाटेजवळ पोचले, बसायला जागा नव्हती म्हणून उभ्यानंच शास्त्र उघडलं. त्यांनी पित्याच्या, म्हणजे देवाच्या, घरचा भाग वाचला. त्या घरात राहायला पुष्कळ खोल्या आहेत, आणि आपल्यासाठी जागा तयार करायला प्रभू पुढं गेला आहे.

दोन दिवस डोळे न उघडलेल्या सरूबाईंनी डोळे उघडले.

"किती खोल्या?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, पुष्कळ.

सरूबाईंनी बोटानं जवळ बोलावलं. साहेब वाकले. मी पलीकडच्या बाजूला सलाइनचा वेग बघत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मला येगळी भेटंल?"

साहेब म्हणाले, मिळेल.

सरूबाईंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. मुलं, सुना, नातवंडं, खाटेच्या दांडीला टांगलेल्या पिशव्या. मग आवाज आणखी खाली आणला.

"दाराला आतून कडी हाय का?"

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. अकरा वर्षांची बायको आहे मी, पुढं काय येणार ते मला चेहऱ्यावरून कळतं. खोली म्हणजे काय आणि घर म्हणजे काय, ते सगळं ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी शास्त्र मिटलं.

"हाय, आई," ते म्हणाले. "आतूनच हाय."

सरूबाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं मोठ्या मुलाला जवळ बोलावून सांगितलं की सगळ्यांना घेऊन खाली जा, चहा पिऊन या, काही घाई नाही. सगळे एकेक करून निघाले. साहेबही निघाले. शेवटी मी वळले, तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "जाताना पडदा वढून घ्या."